घरदुरुस्तीची विचारपूस : खणखणणाऱ्या, तडकणाऱ्या आणि निसटणाऱ्या काचा

या वेळी पत्रं जवळपास सगळी खिडकीच्या काचांवरच आली. मे संपता संपता आणि पहिल्या दोन-चार आंधीनंतर आपल्याकडे नागपुरात हे होतंच. त्यातले लोखंडी आणि ॲल्युमिनियम फ्रेमचे प्रश्न तेवढे घेतलेत, लाकडी चौकटीवाल्यांनी थोडं थांबा. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त भाग देतोय.

प्रश्न : घर जुनं आहे, वरच्या मजल्यावर लोखंडी खिडक्या, वडिलांनी १९७५ च्या आसपास बसवलेल्या. पुट्टी जागोजागी सुटून राहिली आहे. रस्त्यावरून ट्रक गेला की काचा वाजतात, अन् मारबतीच्या मिरवणुकीत ढोल वाजले की तर बोलूच नका. पेंटर म्हणतो जुन्यावरूनच सिलिकॉनची एक लाईन मारून देतो, एका दिवसात काम खतम. मारू देऊ का? – महाल

उत्तर : नका मारू देऊ भाऊ. जुन्या पुट्टीवर धूळ असते, तेलाचा अंश असतो, सुटलेला रंग असतो, सिलिकॉन यातल्या कशालाच धरत नाही, वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि एका पावसाळ्यात पापुद्रा निघतो. त्याच्या आत गेलेलं पाणी मात्र बाहेर निघत नाही, ते लोखंडाला खात बसतं. शिवाय सिलिकॉनवर ऑइल पेंट बसत नाही, म्हणजे पुढच्या वेळी पेंटर तोच असला तरी रडणार.

तुमच्या खिडक्या झेड सेक्शनच्या, म्हणजे इंग्रजी Z सारख्या वळवलेल्या लोखंडी पट्टीच्या असणार. त्या काळात हीच पद्धत होती, सेक्शनच्या खाचेत काच, मागे पुट्टीचा थर, सेक्शनला पाडलेल्या भोकात स्प्रिंगची क्लिप आणि वरून उताराची पुट्टी. काच धरून ठेवायचं काम क्लिपचं असतं, पुट्टीचं काम गादीचं आणि पाणी अडवायचं. आता खिडकी वाजते म्हणजे बहुतेक क्लिपा गंजून तुटल्यात किंवा कधीकाळी काच बदलताना कोणीतरी घातल्याच नाहीत. हे दुसरं फार दिसतं. जुन्या खिडकीची पुट्टी खरवडली की भोकं रिकामी निघतात, वर्षानुवर्षं काच नुसत्या पुट्टीच्या भरवशावर उभी असते.

काम पूर्ण खोलूनच करा. जुनी पुट्टी दगडासारखी झालेली असते, ती बोथट छिन्नीने फ्रेमच्या बाजूला झुकवून काढायची, काचेकडे जोर नाही. हीट गन लावली तर पुट्टी लवकर सुटते हे खरं, पण काच एका जागी तापून तडकते, म्हणून काच वाचवायची असेल तर गन बाजूला ठेवा. आणखी एक, १९७५ चा रंग आहे म्हणता, घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल त्याचा नेम नाही. कोरडं घासू नका, पाणी मारत घासा, तोंडाला मास्क बांधा आणि लहान पोट्टे त्या खोलीत येऊ देऊ नका. खरवडलेलं सगळं पेपरवर गोळा करून टाका.

मग फ्रेम. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, थिनरने पुसायचं आणि रेड ऑक्साईडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या प्रायमरचा, हात देऊन रात्रभर वाळू द्यायचं. हा हात चुकवायचा नाही. गंज हा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, खाचेत गंज फुगला की तो काचेलाच ढकलतो आणि कोपरा उडतो. लोक म्हणतात काच आपोआप फुटली, आपोआप काही नाही, फ्रेमने दाबली.

पुट्टीबद्दल दुकानात नीट विचारा. साधी पुट्टी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, ती लाकडासाठी ठीक, लाकूड थोडं तेल पितं आणि पुट्टी आवळते. लोखंड तेल पीत नाही, त्यामुळे तीच पुट्टी महिनोन्महिने मऊ राहते, बोट लावलं की खड्डा पडतो, मुंग्या चिकटतात. लोखंडी खिडकीला लागते ती मेटलची पुट्टी, तिच्यात सुकवणारं औषध टाकलेलं असतं. सीताबर्डीत नाहीतर इतवारीत हार्डवेअरवाल्याकडे 'लोखंडी खिडकीची' असं स्पष्ट सांगून घ्या, भिंतीची पुट्टी घेऊन येऊ नका, ते वेगळंच प्रकरण आहे आणि ती खिडकीला चालत नाही.

काचेचं माप घेताना रुंदी तीन ठिकाणी आणि उंची तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात कमी जे येईल ते धरा आणि त्यातून दोन सूत कमी करा, म्हणजे चारही बाजूंनी एकेक सूत, ३ मिलिमीटर, मोकळं राहतं. दोन्ही कर्ण पण मोजा, जुन्या फ्रेमा तिरक्या झालेल्या असतात. काचवाला म्हणेल बरोबर फिट्ट देतो, त्याला सांगा फिट्ट नको. काच फ्रेममध्ये बसली पाहिजे, अडकली नाही पाहिजे. आज सगळ्याच उत्तरांत मी हेच सांगणार आहे, तेव्हा कंटाळू नका.

बसवताना आधी खाचेत मागचा थर, अंगठ्याने दाबत दाबत सलग, मधे फट नको. खालच्या बाजूला रुंदीच्या पाव भागावर एक आणि पाऊण भागावर एक असे दोन रबराचे तुकडे ठेवायचे, काचेचं वजन त्यांच्यावर आलं पाहिजे, लोखंडावर नाही. मग काच टेकवून फक्त कडेकडेने दाबायची, मध्यावर हात द्यायचा नाही. मागे २-३ मिलिमीटर पुट्टी उरेल इतकंच दाबायचं, सगळी पिळून बाहेर काढली तर गादीच राहिली नाही. नंतर क्लिपा, साधारण फुटाफुटावर, आणि वरून पुट्टीपट्टीने एका दमात उतार. पुट्टीची वरची कड आतल्या लोखंडाच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा म्हणजे घरातून पाहिलं तर पुट्टी दिसत नाही.

रंगाची घाई नको आणि फार उशीरही नको. वर साय धरली, बोटाला चिकटत नाही, की रंग मारा, महिना उलटू देऊ नका. आणि रंग मारताना काचेवर २-३ मिलिमीटर चढवायचा. हे पेंटर लोकांना घाण वाटतं, ते टेप लावून एकदम कडेला थांबतात, पण काच आणि पुट्टी यांच्यातली जी बारीक रेष असते ना तिथूनच पाणी शिरतं, ती रंगानेच बंद होते. हे सगळं काम दिवाळीनंतर काढा, भर उन्हात पुट्टीचं तेल सुटतं आणि वरचा थर भेगाळतो. आता करायचंच असेल तर सकाळी लवकर, सावलीच्या बाजूने सुरू करा.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी ताबा घेतलेला फ्लॅट, पश्चिमेकडे ॲल्युमिनियमची स्लायडिंग, ब्राऊन काच. मे महिन्यात दुपारी घरात कोणी नसताना काच तडकली. बिल्डरचा माणूस म्हणतो मुलांनी काहीतरी मारलं असेल. आमच्या घरी मुलंच नाहीत! नेमकं झालं तरी काय? – मानेवाडा

उत्तर : ताई, काच अजून काढली नसेल तर काढायच्या आधी तिचे फोटो काढा, कड दिसेल असे. तडा कसा गेलाय त्यावरून बरंच कळतं. दगड किंवा बॉल लागला असेल तर मार लागला तिथून तडे चहूकडे फुटतात, मधे एक ठिपका असतो. उन्हाने गेलेला तडा कडेपासून निघतो, कडेला अगदी काटकोनात, बोट-दोन बोटं सरळ जातो आणि मग वाटेल तसा वळतो. तिसरा प्रकार, तडा कोपऱ्यातून निघतो आणि तिथे नखाएवढा टवका उडालेला दिसतो, तिथे हमखास स्क्रूचं टोक काचेला लागत असतं. स्लायडिंगचं शटर, म्हणजे सरकणारा पल्ला, हँडल, इंटरलॉक (दोन पल्ले जिथे एकमेकांत अडकतात ती बाजू), टॉप आणि बॉटम असे चार तुकडे काचेभोवती रबर घालून कोपऱ्यात स्क्रूने जोडलेलं असतं, कामगाराने हाताशी होता तो लांब स्क्रू मारला की त्याचं टोक आत काचेपर्यंत पोचतं. तेव्हा काही होत नाही. होतं ते नंतर.

तुमचं वर्णन वाचून मला उन्हाचा तडा वाटतो. रंगीत काच ऊन जास्त शोषते, दुपारी तीन-चारला तिचा मधला भाग चांगलाच तापतो, आणि कड जी रबरात, सेक्शनच्या आत लपलेली आहे ती तेवढी तापत नाही. मधला भाग पसरायला बघतो, कड पसरत नाही, सगळा ताण कडेवर येतो. साध्या काचेत मधला भाग आणि कड यांच्यात ३०-४० अंशांचा फरक पडला की धोका सुरू होतो, त्यात कड कापताना खरबरीत राहिली असेल, कुठे बारीक चीर असेल, तर तिथून सुरुवात होते. अर्ध्या काचेवर छज्जाची सावली आणि अर्धी उन्हात, आत काचेला चिकटून जाड पडदा, नंतर बाजारातून आणून चिकटवलेली काळी फिल्म, नाहीतर समोरून कूलरचा थंड झोत, यातलं एकही असलं तरी फरक वाढतो. तुमच्याकडे फिल्म लावली आहे का ते लिहिलेलं नाही. असेल तर बिल्डर तेच धरून बसेल, आधीच सांगून ठेवतो.

आता दुसरी बाजू, फ्रेमची. आपल्या नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला गेला होता आणि २०१८ च्या डिसेंबरात ३.५ पर्यंत उतरला होता. ही झाली हवा, पश्चिमेच्या उन्हातलं ॲल्युमिनियम हवेपेक्षा बरंच जास्त तापतं. थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत फ्रेममध्ये ५० अंशांचा फरक धरला तर ४ फुटी ॲल्युमिनियम साधारण १.४ मिलिमीटर वाढतं आणि तेवढीच काच अर्धा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या वरचा फरक दरवर्षी कुठेतरी जिरला पाहिजे. तो जिरतो मोकळ्या फटीत आणि रबरात. उन्हाळ्यात फ्रेम वाढल्याने काच उलट सैल होते, पण ज्याने मे महिन्यात काच ठोकून ठोकून घट्ट बसवली त्याच्या घरी डिसेंबरात फ्रेम आखडते आणि काच आवळली जाते. थंडीत पहाटे टक्क आवाज होऊन काच गेली अशी पत्रं येतात ना, ती ही.

नवीन काच घेताना टफन घ्या, कडा ग्राइंड केलेली. टफन काच भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात, त्यामुळे ती हा उन्हाळी फरक आरामात सहन करते. फिल्म लावू नका, पडदा काचेपासून चार बोटं दूर ठेवा, आणि बसवणाऱ्याला कोपऱ्यातले स्क्रू आखूड वापरायला सांगा, स्वतः उभं राहून बघा.

बिल्डरचं म्हणाल तर रेरा कायदा २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला, मालाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर तो ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायची जबाबदारी त्याची आहे. तोंडी बोलू नका, फोटोसकट लेखी द्या, ईमेल चालतो. स्क्रू काचेला लागत होता हे फोटोत दिसलं तर मुलांनी मारलं हा मुद्दाच राहत नाही.

प्रश्न : सिलिकॉन मारलं त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊन राहिला, दोन दिवस झाले. अन् ट्रॅकच्या पत्र्यावर पांढरी भुकटी दिसते. माल डुप्लिकेट आहे का? – जरीपटका

उत्तर : डुप्लिकेट असेलच असं नाही, प्रकार चुकीचा आहे. हे ॲसिटिक सिलिकॉन, वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड निघतं, वास त्याचाच. काचेला काच चिकटवायला, फिशटँकला उत्तम. पण गॅल्व्हनाईज पत्रा, उघडं लोखंड, उघडं ॲल्युमिनियम यांना ते खातं, आरशाची पाठ काळी करतं, आणि दोन काचांमध्ये फिल्म असलेल्या लॅमिनेटेड काचेच्या कडेला लागलं तर फिल्म सुटायला लागते. धातूच्या फ्रेमला न्यूट्रल सिलिकॉन मागायचं, ट्यूबवर लिहिलेलं असतं. स्वस्त ट्यूब बहुतेक ॲसिटिकच असते आणि फिटर तीच आणतो कारण ती लवकर वाळते. जे मारलंय ते ब्लेडने काढा, पत्रा पुसा, मग नवीन.

प्रश्न : इतवारीत दुकान आहे, समोर ॲल्युमिनियमचा काचेचा दरवाजा. सहा महिन्यांतच खाली घासायला लागला, हँडलची बाजू लटकली. फिटर दोनदा येऊन बिजागरी आवळून गेला, पुन्हा तेच. वर काच पण आत हलल्यासारखी वाटते. – इतवारी

उत्तर : बिजागरी कितीही आवळा, रोग तिथे नाहीच. दरवाजाचं ॲल्युमिनियम हे नुसतं चौकोनी पाईप आहे, कोपऱ्यात स्क्रूने जोडलेलं, ते स्वतःहून काटकोनात राहू शकत नाही. त्याला काटकोनात ठेवते ती काच. काचेचं वजन बघा, दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. तुमची काच २ मीटर बाय ८० सेंटीमीटर आणि ८ मिलिमीटरची धरली तर ३२ किलो झाले. हे ३२ किलो हँडलच्या बाजूला खाली टेकले तर दरवाजा लटकणारच, बापा, दुसरं काय होणार.

पॅकिंगची, म्हणजे काच आणि फ्रेम यांच्यामध्ये सारायच्या तुकड्यांची, जागा ठरलेली असते. एक तुकडा खाली बिजागरीच्या बाजूच्या कोपऱ्यात, आणि दुसरा वर हँडलच्या बाजूच्या कोपऱ्यात, म्हणजे तिरका कर्ण. वजन त्या कर्णाने उतरून सरळ खालच्या बिजागरीत जातं आणि वरचा तुकडा हँडलची बाजू उचलून धरतो. तुमच्याकडे बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढून बघा, एकतर पॅकिंग नाहीच, नाहीतर खाली दोन्ही कोपऱ्यांत सारखं लावलंय, जसं फिक्स खिडकीला लावतात तसं. फ्लोअर स्प्रिंगचा, म्हणजे जमिनीत गाडलेल्या स्प्रिंगवर फिरणारा, दरवाजा असेल तरी हाच नियम, फक्त बिजागरीच्या जागी पिव्हटची, म्हणजे दरवाजा ज्या खुंटीवर फिरतो ती, बाजू धरायची.

दुरुस्ती अशी की दरवाजा हँडलकडून थोडा उचलून खाली पाचर लावायची, दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत, मग बीडिंग उघडून त्या दोन जागी कडक रबराचे किंवा प्लास्टिकचे तुकडे घट्ट सारायचे, बाकी ठिकाणी काच सरकू नये इतपतच हलके. लाकडाची चीप नको, पुठ्ठा तर अजिबात नको, दुकान धुताना पाणी जातं आणि पुठ्ठ्याचा लगदा होतो. तुकडा काचेच्या जाडीपेक्षा रुंद पाहिजे, नाहीतर काच त्याच्यावरून घसरून धातूला टेकते. काच आत हलते ती पॅकिंग नसल्यामुळेच, ती हल आपोआप जाईल.

साधी काच असेल तर याच कामात टफन बसवून घ्या. दुकानाचा दरवाजा आहे, गिऱ्हाईक हातात पिशव्या घेऊन खांद्याने ढकलतं. आणि डोळ्याच्या उंचीवर दुकानाच्या नावाची पट्टी चिकटवा, पुसून लख्ख ठेवलेल्या काचेवर माणसं सरळ चालत येतात.

प्रश्न : तळमजल्यावर राहतो, शेजारच्या लेआऊटमध्ये चोरी झाली, काच न फोडता काढून ठेवली होती म्हणे भिंतीला टेकवून! हे कसं शक्य आहे आणि आमच्या खिडकीचं काय? – वर्धा रोड

उत्तर : शक्य आहे आणि सोपं आहे म्हणूनच जास्त बोलत नाही. एवढंच तपासा की तुमच्या फिक्स काचेची आणि उघडणाऱ्या शटरची बीडिंग पट्टी घराच्या आतून दिसते की बाहेरून. दाबून बसवायची पट्टी बाहेर असेल तर ती ज्याला काढता येते त्याला काच पण काढता येते. सेक्शन उलटा बसवून पट्टी आत घेणं हा खरा इलाज, नवीन काम करत असाल तर ऑर्डर देतानाच बजावून सांगा, कारण फिटरला बाहेरून बसवणं कधीकधी सोपं जातं आणि तो तसं करून मोकळा होतो. झालेल्या कामात काच आणि फ्रेमची पक्की बाजू यांच्यामध्ये न्यूट्रल सिलिकॉनचा सलग थर द्या, मग पट्टी काढली तरी काच हातात येत नाही. पट्टीला स्क्रू मारायचे असतील तर इतके आखूड की काचेला लागणार नाहीत, वर मानेवाड्याच्या ताईंना काय सांगितलं ते वाचा.

स्लायडिंगला बीडिंग नसते, तिथे शटरच उचलून ट्रॅकमधून काढतात. शटर बंद असताना वरच्या ट्रॅकमध्ये, शटरच्या डोक्याच्या वर, एक छोटा ब्लॉक किंवा स्क्रू असा लावा की शटर वर उचलायला जागाच राहणार नाही. तळमजल्याला लॅमिनेटेड काच घेतलीत तर उत्तम, ६.३८ मिलिमीटर म्हणून मिळते, म्हणजे ३ आणि ३ च्या दोन काचा आणि मधे ०.३८ ची फिल्म. फुटली तरी जाग्यावर लटकून राहते. टफन मात्र चोरासाठी काही कामाची नाही, टोकदार वस्तूने एकदा टिचली की पूर्ण काच बारीक तुकडे होऊन खाली. आणि हो, ग्रील असेल तर ती ठेवाच, काच हा काही कुलपाला पर्याय नाही.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या खिडकीचं काळं रबर कोपऱ्यात आखडलंय, दोन बोटं जागा रिकामी. तिथून पाणी येते. नुसतं तेवढ्या तुकड्यात रबर भरलं तर चालते का? – नंदनवन

उत्तर : चालेल, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. हे पीव्हीसीचं रबर आहे, आपल्या उन्हात त्यातला मऊपणा निघून जातो, कडक होतं आणि आखडतं. त्यात बसवणाऱ्याने ओढून ओढून बसवलेलं असणार, ओढलेलं रबर परत जातंच. पूर्ण लांबी बदला, ईपीडीएम (उन्हात टिकणारं रबर) मागा, कापताना बाजूच्या लांबीपेक्षा थोडं जास्त ठेवा आणि कोपऱ्यांतून मध्याकडे दाबत या, ओढायचं नाही. सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा. रॉकेल, ग्रीस, ऑइल लावू नका, त्याने ईपीडीएम फुगतं.

पाणी येण्याचं कारण मात्र रबरच असेल असं नाही काकू. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी निघायची छोटी भोकं असतात. ती धुळीने, प्लास्टरच्या सिमेंटने बुजलेली असतात, आणि कधीकधी तर फिटरने पाडलेलीच नसतात. ट्रॅकमध्ये मग्गाभर पाणी ओता. बाहेर गेलं तर ठीक, आत आलं तर आधी तार घालून भोकं मोकळी करा, मग रबराचा खर्च करा.

प्रश्न : लोखंडी खिडकी आहे, खालची फिक्स काच दर एप्रिलमध्ये काढून तिथे कूलर लावतो आणि दसऱ्याच्या आसपास काच परत. दरवर्षी पुट्टी फोडा, पुट्टी लावा, आणि एखादी काच त्यात जातेच. दुसरी काही पद्धत? – प्रतापनगर

उत्तर : हा प्रश्न खरा नागपूरचा! पुट्टी दरवर्षी काढायची चीजच नाही. तिथे बीडिंगची पद्धत करून घ्या. अर्धा इंची ॲल्युमिनियमचा अँगल चार बाजूंना कापून, लोखंडी फ्रेमला भोकं पाडून, त्यांत टॅपने आटे पाडून मशीन स्क्रूने बसवायचा, वेल्डिंगवाल्याकडून एकदाच करून घ्या. फ्रेम आणि काच यांच्यामध्ये, आणि काच आणि अँगल यांच्यामध्ये, दोन्हीकडे स्पंजाची चिकटपट्टी. स्क्रू हाताने बसतील तेवढेच आवळा, स्पंज अर्धा दबला की बस. पूर्ण चपटा केलात तर काच पुन्हा लोखंडावरच आली. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकत्र ओले राहिले तर ॲल्युमिनियम खराब होतं, म्हणून फ्रेमला आधी रेड ऑक्साईड आणि ऑइल पेंट झालेला असू द्या. काढलेल्या अँगलच्या चारही तुकड्यांवर मार्करने वर, खाली, डावं, उजवं लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

कूलरचं ओझं खिडकीवर देऊ नका. त्याचा स्टँड वेगळा, जमिनीवर किंवा भिंतीच्या ब्रॅकेटवर, आणि कूलरची बॉडी फ्रेमला जिथे टेकते तिथे रबर. पंख्याची थरथर फ्रेममधून वरच्या काचांत जाते, त्यांच्या क्लिपा सैल होतात, आणि मग लोक लिहितात की कूलर खाली लावला अन् तडा वरच्या काचेला कसा गेला. कूलरच्या वुडवूलमधून (जाळीतल्या गवतातून) गळणारं पाणी खिडकीच्या खालच्या सेक्शनवर पडत असेल तर तिथला गंज दरवर्षी बघत जा. त्या पाण्याचे पांढरे क्षार काचेवर बसतात, ते ब्लेडने खरवडू नका, घरातलं व्हिनेगर पाण्यात मिसळून कपड्याने ओलं ठेवा, थोड्या वेळाने पुसलं की निघतात.

प्रश्न : टफन काच मागवली, मापात ४ मिलिमीटर मोठी आली. लोकल काचवाला म्हणतो घासून देतो. – लकडगंज

उत्तर : घासू देऊ नका. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, कड घासायला गेलं तर हातातच फुटेल. जिथून मागवली त्याला काच परत पाठवा, आणि नवीन ऑर्डर देताना काचेचंच माप लिहून द्या, चौकटीच्या मोकळ्या जागेचं माप देऊन वजाबाकी त्याच्यावर सोडू नका.